पुण्याचे सर

झुल्फिकारनं पुण्यातल्या एका ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर टेम्पोतून भोरला आणला, तेव्हा शेजारपाजारचे लोक बघायला दारात जमले होते. बाहेरच्या खोलीत टेबल मांडून त्यानं तो जोडला आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. आतून नुसता लांबलचक पीं-पीं आवाज येत राहिला. लोक हसत पांगले. झुल्फिकारचं तोंड उतरलं, कारण घरात काढायच्या कॉम्प्युटर क्लासची पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

साल दोन हजार एक. झुल्फिकारचं एसटी स्टँडजवळ रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. तो तिकडं गेला की घरात उरायची त्याची बायको खुर्शिदा, लहानगी गुलनाज आणि ते मशीन. खुर्शिदा लग्नाआधी टायपिंगची परीक्षा पास झालेली. पुढं शिकायचं राहून गेलं ते गेलंच. गुलनाज झोपली की ती त्या मशीनपुढं जाऊन बसायची.

मशीनच्या खोड्या रोजच्या. कधी चालू होताना तारीख ऐंशी सालात जायची आणि एक बटण दाबल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही. कधी डिस्कच सापडत नाही म्हणून अडून बसायचं. आदल्या दिवशीची फ्लॉपी आत विसरलेली असली की असं होतं, हे तिच्या तिनंच ताडलं. तारखेसाठी तिनं झाकण उघडलं, आतला रुपयाएवढा सेल काढला आणि घड्याळवाल्याकडून तसाच नवा आणून बसवला. पीं-पींनं मात्र तिला रडवलं. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं पुसली की चार दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. पाऊस लागला तसं रोज व्हायला लागलं. एकदा टेबलामागं पडलेली पेन्सिल काढताना तिचा हात भिंतीला लागला. भिंत गार, ओली. तिनं टेबल ओढत आतल्या कोरड्या भिंतीला नेलं, पट्टी शेवटची पुसून बसवली. त्यानंतर मशीन अडलं नाही.

झुल्फिकार खूश झाला. "तू तर लई हुशार निघालीस," असं तो स्वतःहून म्हणाला. क्लास काही चालला नाही, पण आसपासच्या शाळांत, ऑफिसांत जुनी मशीनं यायला लागली होती आणि ती सगळीच अडणारी. ती दुरुस्त करायला झुल्फिकार गाडीवरून नसरापूरला, वेल्ह्याला जायचा. अडलं की तिथल्याच फोनवरून घरी विचारायचा.

"हां सर, बोलतोय. चालू होतंय, पर मधीच बंद पडतंय सर."

पहिल्यांदा "सर" ऐकलं तेव्हा तिला हसू आवरेना. आपला नवरा थट्टा करतोय, तीही इतक्या लाडानं, म्हणून तिला ते फार आवडलं. तीही आवाज जाड करून सांगायची, "आतला पंखा फिरतोय का बघा. धूळ असंल, फुंकर मारा." भाजी गॅसवर करपायची, पण फोन आला की ती धावायची.

दोन-तीन वर्षांत झुल्फिकारचं नाव झालं. मार्गासनीच्या एका शाळेनं पंधरा ऑगस्टला त्याचा सत्कार ठेवला. खुर्शिदा नवी साडी नेसून, गुलनाजला घेऊन बायकांच्यात बसली. मुख्याध्यापक कुंडलिक गुरुजींनी शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "झुल्फिकारभाईंना पुण्याचे मोठे सर फोनवर मार्गदर्शन करतात. त्यांचाही सत्कार करायचं आमच्या मनात होतं. पण भाई म्हणाले, सरांना सवड नसते."

झुल्फिकार मान हलवत हसत होता.

टाळ्या वाजल्या. खुर्शिदानंही वाजवल्या, कारण सगळ्या बायका वाजवत होत्या. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "तुमाला बी येत असंल की थोडंफार?" ती काही बोलायच्या आत मागं येऊन उभा राहिलेला झुल्फिकारच म्हणाला, "तिला? तिला टीव्ही लावता आला तरी लई झालं."

घरी आल्यावर तिनं विचारलं, "सर म्हंजे कोण ओ?"

"आता चारचौघांत काय सांगू? बायकोला विचारून करतो म्हणू? एक काम न्हाई मिळणार उद्या."

"माझं नाव नका सांगू. पर टीव्हीचं कशाला बोललात?"

"बोलन्यात येतं," म्हणून तो हात धुवायला गेला.

पुढच्या आठवड्यात त्याच शाळेतून फोन आला. "हॅलो सर, झुल्फिकार बोलतोय. हितं जरा अडलंय सर."

"सर घरी न्हाईत," खुर्शिदा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. गुलनाज उचलायला निघाली तर तिनं हात धरून तिला बसवली.

तो रागावेल, भांडेल, मग कधीतरी चुकलं म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो जेवला, बातम्या बघितल्या, झोपला. दोन दिवसांनी त्यानं पुण्याहून कोर्स केलेला एक माणूस पगारावर आणला. नसरापूरच्या फाट्यावर गाळा घेतला आणि टेम्पो आणून बाहेरच्या खोलीतलं मशीन उचललं.

"हे कुठं न्हेताय?" तिनं विचारलं.

"सुट्या भागांना व्हईल. तुला काय करायचंय?"

तिनं अडवलं नाही. त्याला आपली नाही, आपल्या उत्तरांची गरज होती, आणि ती आता पगारावर मिळतात, एवढं तिला त्या दारात उभ्या उभ्या कळलं. फोन पुन्हा आला नाही. धंदा उलट वाढलाच.

गुलनाज दहावीला गेली तेव्हा भोरमध्ये बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. पोरीनं आईचं नाव परस्पर घातलं. खुर्शिदा गेली. शिकवायला सुलक्षणा नावाची तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिनं खुर्शिदाचा हात धरून माऊसवर ठेवला. "काकू, घाबरू नका. तुमच्या हातानं काही मोडत नाही."

खुर्शिदानं तास संपेपर्यंत हात तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. गुलनाज चिडली, कारण विचारत राहिली.

"मला न्हाई जमत ते," खुर्शिदा म्हणाली आणि तांदूळ निवडायला घेतले.