आक्कांनी जाळलेलं पान

आमच्या आक्का कडक भाकरी करून विकायच्या आणि कधीही चुकायच्या नाहीत. म्हणजे असं त्यांचंच म्हणणं होतं. भाकरी करपली तर तवा नाठाळ, पत्ता सापडला नाही तर गल्ली फिरलेली. मी एकदा धीर करून म्हणालो, "आक्का, आज चटणी खारट झालीय." तर म्हणाल्या, "चटणी बरी हाय की मास्तर, तुमची जीभ अळणी झालीया." मी ती चटणी मुकाट्याने संपवली.

त्यांच्या गाळ्यात सात बायका भाकरी थापायच्या आणि शेजारच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. टायपिंग शिकायला कुणी येईनासं झालं, तसा मी आक्कांची पत्रं टाइप करू लागलो. परदेशात राहणाऱ्या एका सोलापूरकराने वर्षभराच्या भाकरीची आगाऊ रक्कम बिटकॉइनमध्ये देऊ केली, तेव्हा मी हबकलोच. म्हणालो, "आक्का, नको. हे पैसे हाताला लागत नाहीत."

"वाफ तरी कुटं हाताला लागती? पन भाकरी तिच्यावरच फुगती की."

मग एका कंपनीचं वॉलेट, म्हणजे असले पैसे ठेवायची संगणकातली पेटी, घेतलं. त्याला तीन किल्ल्या होत्या, आणि तिघांपैकी दोघांनी होय म्हटलं तरच पैसे हलणार होते. हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं. आक्कांना एकदाच पुरलं, कारण त्यांच्या भिशीच्या पेटीलाही दोन कुलपं होती आणि दोघी हजर असल्याशिवाय ती उघडत नसे. "एकाच्या हातात समदं दिलं की मानूस बिघडतंय," त्या म्हणाल्या, "माज्यासकट." एक किल्ली त्यांची, एक शमीमभाभीची आणि एक माझी. शमीमभाभी म्हणजे त्यांचा उजवा हात. भट्टीच्या आचेचा अंदाज आक्कांच्या खालोखाल तिलाच होता.

किल्ली म्हणजे चोवीस इंग्रजी शब्द, ज्याचे त्याने कागदावर लिहून लपवायचे. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी रांगोळी काढावी तशी एकेक अक्षर काढलं, आणि एकही चुकलं नाही. शिवाय प्रत्येक किल्लीची अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ होती. त्या तिन्ही ओळी जपून ठेवा, असं कंपनीने बजावलं होतं. आक्कांनी तिन्ही ओळी ज्याच्या त्याच्या नावासह वहीच्या एकाच पानावर उतरवून घेतल्या. ओळी कशाला हव्यात ते मला कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली.

पुढे एका मोठ्या ऑर्डरच्या भाकरी वातड निघाल्या. आक्कांनी चारचौघांत शमीमभाभीला बोल लावला. ती हात धुऊन निघाली, ती थेट मोडनिंबला बहिणीकडे गेली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी वहीतलं ते पान टरकावलं. "तिचं नाव हाय त्येच्यावर," म्हणाल्या, आणि त्यानेच भट्टी पेटवली. मी शेजारी चहा पीत उभा होतो. मी काही बोललो नाही, याचा मला आजही राग येतो.

दोन वर्षांनी कंपनीच बंद पडली. त्याच सुमारास मालकाने गाळा विकायला काढला. दिवाळीपर्यंत घ्या, नाहीतर रिकामा करा. सात बायकांची पोटं त्या भट्टीवर होती. पण आक्का निवांत. ते बिटकॉइन त्यांनी मोडलेच नव्हते, आणि त्यांचा भाव आता गाळ्याच्या किमतीपर्यंत चढला होता. "दोन किल्ल्या हायेत की आपल्याकडं. कंपनी हवी कशाला?"

नवी पेठेतला संगणकवाला म्हणाला, "बरोबर. कंपनी लागत नाही, दुसऱ्या वॉलेटमध्ये हे पुन्हा उभं करता येतं. तुमच्या दोघांच्या ओळी शब्दांवरून काढतो. तिसरी ओळ द्या."

"पण दोघं पुरतात ना?" मी विचारलं.

"पैसे हलवायच्या सहीला पुरतात. पण तिन्ही ओळी मिळूनच पेटी बनते. तिसरी नसेल तर पेटीच सापडत नाही, उघडणार काय? तिसऱ्या माणसाने काही करायचं नाही. फक्त ते कोण, हे सांगावं लागतं."

मी चक्रावलो. ज्याची गरज नाही त्याच्यावाचून अडतं, हे कुठलं गणित? मी दोन्ही हातांची बोटं मोजून पाहिली, तरी जुळेना. आक्कांनी मात्र चपला पायात सरकवल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, मोडनिंबची एसटी किती वाजता हाय?"

शमीमभाभीने दार उघडलं, पाणी दिलं. मी ओळी, पेट्या, सह्या असं काहीतरी बोलत सुटलो. आक्कांनी मला हातानेच थांबवलं.

"शमे, तुजं पान मी जाळलं. त्या वातड भाकरीच्या डब्याचं झाकनबी मीच उगडं ठेवलं व्हतं."

शमीमभाभी आत गेली आणि बांगड्यांच्या डब्यातून घडी घातलेला कागद घेऊन आली. त्यावर तिचे चोवीस शब्द आणि खाली तिची ओळ होती, तिच्याच अक्षरात.

"ठेवलास व्हय गं?"

"तुमी जाळलं म्हनून मी बी जाळायचं व्हय, आक्का?"

दुसऱ्या दिवशी तिघं संगणकापुढे बसलो. तिसरी ओळ भरली आणि पेटी दिसली, पैशांसकट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आक्कांनी आपले शब्द दिले. आता माझी पाळी. मी चष्मा पुसला, बोटं मोडली, कागद उलगडला.

"मास्तर, तुमी सरका. हितं शमी बसंल."

"पण आपण दोघं आहोत ना आक्का? तिच्या सहीची गरज नाही."

"म्हाईत हाय मला. सरका."

मी सरकलो. शमीमभाभीने चोवीस शब्द सावकाश वाचून दाखवले, आणि आक्का खाली मान घालून ऐकत राहिल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "राग आला व्हय मास्तर?"

"आला," मी म्हणालो. खरंच आला होता. इतकी वर्षं मी ती किल्ली सांभाळली होती.

"येऊ द्या की. तुमी कुटं जाताय? ती गेली व्हती."

मी खरंच कुठं गेलो नाही. गाळा आता त्या बायकांचाच आहे, शमीमभाभी भट्टी सांभाळते, मी शेजारी टाइप करतो. गेल्या त्या आक्काच, मला अजून निम्मं समजायचं राहिलेलं असताना.