माशासाठी ठेवलेलं पाणी

पाण्याची पारख आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, असं वडील गंभीरपणे सांगत. पुरावा म्हणून ते पाटबंधारे खात्यातल्या आपल्या तेहतीस वर्षांच्या नोकरीचा दाखला देत. त्यातली एकतीस वर्षं ते रजेचे अर्ज हाताळत होते, हे आम्ही पाहुण्यांसमोर काढत नसू.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांना जड गेलं. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ते तयार होत आणि मग कुठे जायचं ते न सुचल्याने पुन्हा कपडे बदलत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका हिवाळ्यात ते चष्म्याची काडी बसवून घ्यायला शालिमारच्या बाजारात गेले आणि काचेची टाकी घेऊन रिक्षातून परतले. मासा मात्र मिळाला नव्हता. "आठ दिवस नुसतं पाणी फिरू द्या, मग या," असं सांगून दुकानदाराने त्यांना परत पाठवलं होतं. सरकारी कारभाराची सवय असल्याने वडिलांना यात काही वावगं वाटलं नाही.

नवव्या दिवशी ते एक सोनेरी मासा घेऊन आले. स्वतःच्या हौसेसाठी त्यांनी काही आणलेलं मी प्रथमच पाहत होतो. हा गेला तर ते दुसरा आणणार नाहीत, पुन्हा इस्त्रीचे कपडे घालतील आणि बदलतील, हे आईला आणि मला न बोलता कळलं होतं.

दुकानदाराने सांगितलेलं सगळं त्यांनी अक्षरशः पाळलं. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली. मग तिच्यात टाकीतलं पाणी वाटीवाटीने घातलं. मासा जाळीने अलगद आत सोडला, दिवा बंद ठेवला आणि पहिल्या दिवशी खायला काहीही दिलं नाही.

"घरी आलेल्याला उपाशी ठेवायचं?" आई म्हणाली.

"आल्याआल्या भूक नसते गं. जागा नवी आहे."

"मला नव्हतं कुणी विचारलं, जागा नवी आहे का म्हणून."

आठवडाभर मासा मजेत होता. मग वडिलांनी रोज सकाळी थोडं पाणी बदलायला सुरुवात केली. नळाचं पाणी थेट घालू नका, एक दिवस उघडं ठेवून त्यातल्या औषधाचा वास जाऊ द्या, असं दुकानदार म्हणाला होता. कशात ठेवायचं, ते तो म्हणाला नव्हता. वडिलांनी घरातलं सर्वांत प्रतिष्ठित भांडं निवडलं. तो तांब्याचा हंडा आई रोज चिंचेने घासून लखलखीत ठेवायची. पोट, डोळे आणि स्वभाव या तिन्हींवर त्यातलं पाणी गुणकारी असल्याचं घरात सर्वमान्य होतं.

चौथ्या दिवशी मासा तळाशी बसला. पर मिटलेले, कल्ले भराभर हलत होते. खाणं डोक्यावरून तरंगत गेलं तरी त्याने ढुंकून पाहिलं नाही. वडील टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. त्यांनी पेपर उघडला, पण पान उलटलं नाही. दुपारी मीच त्यांना उठवलं आणि आम्ही स्कूटरवरून शालिमारला गेलो.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. "पाणी कशात ठेवता, काका?"

"तांब्याच्या हंड्यात," वडील अभिमानाने म्हणाले.

त्याने कपाळाला हात लावला. "काका, तांबं तुम्हाला चांगलं. त्याला जहर आहे हो. प्लॅस्टिकची बादली घ्या, कोरी. साबण लागलेली नको. रोज थोडं थोडं बदला. चारपाच दिवसांत उठेल... उठायचा असेल तर."

शेवटचे शब्द वडिलांनी ऐकले नाहीत असं दाखवलं. वाटेत आम्ही गुलाबी बादली घेतली.

"आम्ही चाळीस वर्षं पितोय ते पाणी," आई म्हणाली. "आम्हाला काय झालं?"

"आपल्याला कल्ले नाहीत."

"नवी बादली! मासा आहे की जावई?" असं म्हणाली खरी, पण बादलीला फरशीचं फडकं लागू नये म्हणून तिने ती देवघराशेजारी नेऊन ठेवली.

पुढचे दिवस वडील बादलीतल्या आणि टाकीतल्या पाण्यात आळीपाळीने बोट बुडवून दोन्ही सारखंच गार असल्याची खात्री करत. खाणं बंद, दिवा बंद. घरात आम्हीही हळू बोलत होतो. पाचव्या सकाळी मासा मधल्या उंचीवर आला. सहाव्या सकाळी त्याने एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. वडिलांनी आईला हाक मारली ती इतक्या मोठ्याने, की शेजारचे दारात आले.

तो पुढे सहा वर्षं जगला आणि चांगला मुठीएवढा झाला. कॉलनीतले लोक मासे आणले की वडिलांकडे सल्ल्याला येत. वडील त्यांना टाकीसमोर उभं करत आणि काचेकडे धावत आलेल्या माशाकडे बोट दाखवून म्हणत, "जीव लावला की कळतं त्यांना. हा माणूस ओळखतो."

गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही तो तितक्याच आपुलकीने ओळखायचा.