तेविसावी पायरी

इंटरनेटवरच्या एका फोरमवर, म्हणजे अडलेल्यांनी प्रश्न विचारायच्या पानावर, लोक त्यांना ‘पायरीवाले काका’ म्हणत. खरं नाव बहुतेकांना ठाऊक नव्हतं आणि काकांनीही ते कधी सांगितलं नाही. छोट्या वाचनालयांना पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी ठेवता याव्यात म्हणून काही हौशी मंडळींनी मिळून एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. ते फुकट होतं, पण वाचनालयाने ते आपल्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या एका कॉम्प्युटरवर, स्वतःच बसवायचं असे. कसं बसवायचं त्याच्या एक्केचाळीस पायऱ्या काकांनी लिहून काढल्या होत्या. निवृत्त झाले त्या वर्षी लिहिल्या, आणि पुढच्याच वर्षी बायको गेली.

दोन खोल्यांचं घर. खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि एकच कप. तोच विसळायचा, त्यातच पुन्हा चहा ओतायचा. सकाळी सातला काका फोरम उघडत. कुणी ना कुणी अडलेलं असेच, आणि बहुतेकांचं घोडं तेविसाव्या पायरीवर अडलेलं असे. काका निगुतीने समजावून सांगत. सुटलं की माणसं मोकळी होत. कुणी मुलीच्या परीक्षेचं सांगे, कुणी गुडघेदुखीचं. दुपारपर्यंत घरात कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटे.

तेविसावी पायरी चुकलेली होती. आधी फोल्डरला परवानगी द्यायची, म्हणजे त्यातल्या नोंदी कुणी उघडायच्या-बदलायच्या ते ठरवायचं, आणि मग सॉफ्टवेअर सुरू करायचं; काकांनी नजरचुकीने उलटं लिहिलं होतं. चूक त्यांना सात वर्षांपूर्वीच कळली होती. दुरुस्तीसाठी पान उघडलंही होतं, पण तेवढ्यात एका बाईंचा मेसेज आला: तेविसाव्या पायरीवर अडलेय. त्यांना समजावण्यात तास गेला, आणि बरा गेला. काकांनी पान तसंच बंद केलं. पुढे कुणी खोदून विचारलं तर म्हणत, “तिथे जरा डोकं चालवावं लागतं. नवशिक्यांचं ते काम नाही.”

त्यांची लेक दुसऱ्या शहरात राहायची आणि याच सॉफ्टवेअरचं काम करायची. एका रविवारी तिचा फोन आला.

“बाबा, मी इन्स्टॉलर लिहिलाय, सगळ्या पायऱ्या तो आपोआप करतो. एक ओळ टाइप करायची, चार मिनिटांत काम फत्ते. कुणालाही जमेल.”

“कुणालाही जमेल, तेच वाईट. आपण काय बसवलं हेच ज्याला कळत नाही, तो ते सांभाळणार कसं? उद्या चोर शिरला म्हणजे?”

“म्हणजे पोहता येत नाही त्याला आधी बुडवायचं?”

“पाणी किती खोल आहे ते तरी कळतं.”

“तुमच्या एक्केचाळीस पायऱ्या चढेपर्यंत माणूस म्हातारा होतो!”

“मी झालोच की.”

ती हसली. बसवण्याच्या बाबतीत काकांच्या होकाराशिवाय काही बदलायचं नाही, असा मंडळींचा शिरस्ता होता. म्हणून तर तिने फोन केला होता. ठेवता ठेवता म्हणाली, “आणि हो, तेविसावी उलटी आहे. कशी काय राहिली?”

“पाहतो,” काका म्हणाले. चोराच्या मनात चांदणं; फोन ठेवून त्यांनी विसळलेला कप पुन्हा विसळला. होकार द्यायचा म्हणजे सकाळचे सात वाजणं संपवायचं. त्यांनी होकार दिला नाही. पायरीही तशीच राहिली.

त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस पडद्याकडे बघायची बंदी. नवव्या दिवशी त्यांनी फोरम उघडला, तर एका ग्रंथपाल बाईंचे चार मेसेज होते.

पहिला सविस्तर. बावीस पायऱ्या त्यांनी वहीत टिपून, एकेक खूण करत पार पाडल्या होत्या. दुसरा एवढाच: “काका, आहात ना?” तिसरा आनंदाचा: “जमलं! इंटरनेटवर दुसऱ्या एका ठिकाणी लिहिलं होतं की सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका. दिली, आणि सुरू झालं.”

चौथा आदल्या दिवशीचा. त्या उघड्या परवानगीतून बाहेरचं कुणीतरी आत शिरलं होतं. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर चव्हाट्यावर आले, नोंदी पुसल्या गेल्या. वाचनालयाच्या समितीने बाईंकडून कॉम्प्युटरचं काम काढून घेतलं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, “चूक माझीच. नवशिक्यांनी या भानगडीत पडू नये, हे तुमचं म्हणणं खरं आहे.”

काकांनी ते एका डोळ्याने दोनदा वाचलं. चोर शिरेल म्हणून ते सोपेपणाला अडवत होते. चोराला दार त्यांच्या अवघड पायरीने उघडून दिलं होतं.

उत्तर लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली. ‘अनवधानाने’ लिहिलं आणि खोडलं. शेवटी राहिलं ते असं: “बाई, चूक तुमची नाही. तेविसावी पायरी चुकीची आहे आणि मला ते सात वर्षं ठाऊक होतं. दुरुस्त केली असती तर लोक विचारायला आले नसते, म्हणून केली नाही. हे पत्र समितीला दाखवा.” तेच पत्र त्यांनी फोरमवर सगळ्यांसाठी लावलं, पायरी सुधारली आणि लेकीला होकार कळवला.

तासाभरात तिचा फोन आला.

“सात वर्षं, बाबा?”

“हो.”

“एकटं वाटत होतं तर मला फोन करायचा ना.”

“तुला काय विचारणार होतो?”

“मी येते पुढच्या महिन्यात,” ती म्हणाली. काका म्हणाले, “कामं बघून ये.”

इन्स्टॉलर सुरू झाला. वाचनालयांची यादी महिन्याभरात दुप्पट झाली, आणि फोरम ओस पडला. काही जुन्या लोकांनी काकांना दोन शब्द सुनावले, काहींनी समजून घेतलं; मग तेही थांबले. काका सातला उठत, पान उघडत, बंद करत.

ग्रंथपाल बाईंचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. “समितीने काम परत दिलं. नव्या पद्धतीने बसवलं, चार मिनिटं लागली. आता व्यवस्थित चालतंय. धन्यवाद.”

काकांनी ओळ न् ओळ पाहिली. त्यात प्रश्न कुठेच नव्हता. “काही अडलं तर कळवा,” असं त्यांनी लिहिलं. मग ते पुसून “छान झालं” एवढंच पाठवलं.