ठेकेदाराच्या गाडीतलं सागवान

माझ्या बाबूजींचा खून झाला, आणि ज्याच्यावर साऱ्या गोंदियाचा संशय, त्यानंच सरणाला लाकूड पाठवलं.

आज त्यांची तिथी. नात म्हणाली, "आजी, फेसबुकवर टाक ना." म्हणून टाईप करून राहिली. चुका होतील, हसू नका.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी चौथीत.

बाबूजींचं चार पानांचं साप्ताहिक होतं. लिहायचे स्वतः, वाटायचेही स्वतः, सायकलवर.

देवरीकडच्या सरकारी जंगलातलं सागवान कोण चोरतं, ते छापत होते. एका जंगल ठेकेदाराचं नाव पुढच्या अंकात येणार होतं.

तो अंक आलाच नाही. देवरीच्या रस्त्यावर बाबूजी सापडले. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव.

मग जे सुरू झालं, ते मला आजही कळत नाही.

बाजार बंद. मंत्र्यांची तार. एक पुढारी आमच्या ओसरीत बसून म्हणाला, "ये मुंबईवालों का राज है, देख लो." दुसरा म्हणाला, वेगळा विदर्भ मागणाऱ्यांचंच हे काम.

बाबूजींनी दोघांनाही छापून झोडपलं होतं! आता दोघेही सांगत, "हमारा आदमी था."

अरे, सगळ्यांचाच होता तर मारलं कोणी?

तेवढ्यात दारात बैलगाडी. सागवानाचे ओंडके. गाडीवान म्हणाला, "ठेकेदारानं पाठवलं जी, सरणासाठी."

काकाजींनी हात जोडले. "भला माणूस."

माय बाबूजींजवळून उठली. एकेका ओंडक्याच्या तोंडावरून हात फिरवला.

परवानगीनं तोडलेल्या लाकडावर जंगल खात्याच्या हातोडीचा शिक्का असतो. आमच्या घरी हे पोराटोरांनाही पाठ. इथं एकावरही नव्हता.

बंदोबस्ताला आलेला फौजदार तिथंच उभा होता. माय म्हणाली, "साहेब, पाहा. शिक्का नाई."

तो बुटांकडे बघत राहिला. "लाकूड म्हणजे लाकूड, बाई."

"मंग परत न्या."

काकाजी चिडले, "वहिनी, कायले तमाशा करून राहिली? मयत घरात आहे!"

"ज्या लाकडापायी गेले, त्याच्यावरच जाळता का त्यायले?"

गाडी परत गेली. सरणाला काहीच नाही.

मग शेजारची विडीवाली काकू आली, चुलीचं जळण घेऊन. तिच्यामागे राईसमिलचे हमाल. कोणी मोह, कोणी बाभूळ, कोणी तुटका नांगर. त्याच्यावर बाबूजी गेले.

आणि देवरीच्या रस्त्यानं रोज येणारी-जाणारी हीच माणसं पोलिसांना म्हणाली, "आमी काईच पायलं नाई जी."

शोकसभेत सगळ्यात मोठा हार ठेकेदाराचा. पश्चात्ताप होता, का माज? का त्यानं मारलंच नव्हतं? देव जाणे. खुनी कधी सापडलाच नाही.

मोठी झाल्यावर मायला विचारलं, "त्या लोकांवर रागावू, का त्यांचे पाय धरू?"

"मालेबी नाई समजलं, बाई."

पण मोहल्ल्यात कोणीही वारलं, की पहिलं लाकूड आमच्या घरून जायचं. माय होती तोवर.

बाबूजी, तुमची पोरगी अजून विचारूनच राहिली आहे. आजचा नमस्कार घ्या.