सगळ्यात वरचा कागद

आशालता मोहिते कुणाशी गोड बोलल्याचं कंपनीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणारा तो कारखाना. फाटकातून आत शिरलं की पहिलं टेबल बाईंचं. टेबलावर टेलिफोन आणि पाठीशी लोखंडी कपाट. कपाटात नोकरी मागायला आलेल्यांचे बायोडाटा. शेठना माणूस लागला की ते केबिनमधूनच हाक द्यायचे, "बाई, दोन फिटर काढा." बाई फिटरांची फाइल उघडायच्या आणि वरचे दोन कागद काढायच्या. खाली कोण दबलंय, हे शेठनी अठरा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मग कागद वर यायचा कसा? बाईंनी कधी कुणाचा पैसा घेतला नाही, आणि हे त्या चारचौघांत ताठ मानेनं सांगत. पैसा नाही घेतला, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेतली. वांगी घेतली, पडवळ घेतलं, केळीच्या फण्या घेतल्या, नाताळात केक घेतला. वर म्हणायच्या, "माणूस किती आस्थेनं आलाय ते बघायला नको का?" आस्थेनं येणाऱ्याचा कागद वर, नुसताच येणाऱ्याचा खाली. सांडोरच्या लूर्डसनं आपल्या क्लेमेंटसाठी दोनदा सुकेळीची पुडी आणून दिली. तिसऱ्या खेपेला वाऱ्यानं केळी आडवी झाली होती म्हणून ती बिचारी रिकाम्या हातानं आली, आणि आयटीआय झालेला तिचा टर्नर मुलगा फाइलच्या तळाशी जाऊन बसला तो चार वर्षं. हा निव्वळ दुष्टपणा होता. बाईंना मात्र ती शिस्त वाटायची.

या सगळ्या कारभाराला शेवटी शेवटी एक हेतू आला होता, तो म्हणजे विघ्नेश. नवरा श्रीरंग गेल्यापासून उमेळ्याच्या फ्लॅटमध्ये मायलेक दोघंच. विघ्नेशनं २००२ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पुरा केला. कंपनीतला माल तपासणारा इन्स्पेक्टर वर्षभरात निवृत्त व्हायचा होता आणि बाईंची स्वतःची दोन वर्षं उरली होती. त्यांनी पोराचा बायोडाटा फाइलमध्ये सगळ्यात वर लावला आणि त्याला बजावलं, "कुठं भटकू नकोस. त्या खुर्चीवर तुला बसवल्याशिवाय मी फाटकाबाहेर पडायची नाही." पोरानं मान हलवली. तो आईसमोर गप्पच बसायचा.

आणि मग शेठचा मुलगा जितेंद्र कारभार बघायला लागला. त्यानं नोकरीच्या एका वेबसाइटची वर्षाची वर्गणी भरली आणि चंदनसारहून येणारी ज्ञानदा नावाची चोवीस वर्षांची मुलगी कॉम्प्युटरवर बसवली. नोकरी शोधणारे तिथं आपापली माहिती भरून ठेवतात, आपण शिक्षण आणि अनुभव टाकला की यादी समोर येते, असं त्यानं बाईंना समजावलं. "त्यामुळे ते कपाट आता नाही उघडलं तरी चालेल." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं काय भाजीसारखी यंत्रातून निवडायची? जणू त्या स्वतः भाजीवर माणसं निवडत नव्हत्या.

ज्ञानदानं पहिल्याच महिन्यात जो टर्नर काढला, तो नेमका क्लेमेंट. कुठल्या तरी सायबर कॅफेवाल्यानं त्याची माहिती भरून दिली होती. तो कामावर लागला त्या दिवशी लूर्डस पेढे घेऊन आली. तिनं ज्ञानदाला दिले, शिपायाला दिले, वॉचमनलाही दिले. बाईंच्या टेबलापाशी थांबून ती म्हणाली, "बाय, चार वरसं तुज्या कपाटात पडलेलं माजं पोर त्या पेटीनं चार दिवसांत काडलं." आणि खोक्याचं झाकण लावून निघून गेली.

त्या दिवसापासून बाईंनी ज्ञानदाशी उभा दावा मांडला. चहा आला की तिचा कप विसरायचा. तिच्या घरून फोन आला की "जागेवर नाही" सांगायचं, पोरगी काचेपलीकडे समोर दिसत असताना. पण खरं हत्यार त्यांच्या हाती अवचित लागलं. कंपनीत इंटरनेट चालायचं ते टेलिफोनच्याच लाइनवर. एकदा बाईंनी सहज रिसीव्हर उचलला तर कानात किर्र आवाज आला आणि आतून ज्ञानदा म्हणाली, "गेलं." बाईंनी रिसीव्हर हळूच ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा उचलला. आतून पुन्हा "गेलं."

मग रोजचंच झालं. कॉम्प्युटर लाइन जोडायला घुरघुरायला लागला की बाई शंभरपर्यंत आकडे मोजायच्या आणि रिसीव्हर उचलायच्या. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. यंत्र बिनकामाचं ठरलं की जितेंद्र वैतागेल, कपाट पुन्हा उघडेल, आणि फाइलमध्ये सगळ्यात वर विघ्नेश आहेच. इन्स्पेक्टरच्या निवृत्तीचा निरोपसमारंभ झाला, तो आठवडाभर तर बाईंनी जेवणाच्या सुट्टीतही टेबल सोडलं नाही. डबा एका हातानं खाल्ला.

कपाट उघडलं नाही. महिन्याभरानं इन्स्पेक्टरच्या खुर्चीवर नालासोपाऱ्याचा एक अनोळखी मुलगा येऊन बसला.

बाई दोन दिवस धुमसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच बाजारातून सुकेळी विकत घेतली, विघ्नेशचा बायोडाटा काढला आणि दोन्ही ज्ञानदापुढे ठेवलं.

"माझा मुलगा आहे. पुढंमागं जागा निघाली तर याला जरा वर ठेव."

"यात वर-खाली नसतं, मॅडम," ज्ञानदा म्हणाली आणि सुकेळीची पुडी तिनं बोटानं मागे सरकवली. मग कागदावरचं नाव वाचून ती थांबली. तिनं ड्रॉवरमधून एक छापील यादी काढली.

"विघ्नेश श्रीरंग मोहिते. हा तुमचा मुलगा?"

"का?"

"यानं आपल्या त्या इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज केला होता. आपण जाहिरातीत कंपनीचं नाव टाकत नाही, त्यामुळे त्यालाही माहीत नसणार. पाच जण निवडले होते. मार्कांत हाच पहिला."

"मग बोलावलं का नाही?"

"मुलाखतीची पत्रं ईमेलनं, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं एकेक पाठवत होते. व्ही शेवटी. चार गेली आणि लाइन तुटली. तीन दिवस मी याचं पत्र पाठवत होते, तीन दिवस तुटत होती. शेवटी सर म्हणाले, चार पुष्कळ झाले." ज्ञानदानं यादी घडी करून ठेवली. "फोन तुमच्याच टेबलावर असतो ना?"

बाई पुडीची दोरी उगाच घट्ट करू लागल्या.

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी सरांना सांगितलं नाही. म्हटलं, यांची दोनच वर्षं राहिलीत, कशाला जाता जाता यांचा अपमान करायचा. सांगायला हवं होतं. तुमचा मुलगा आज त्या खुर्चीवर असता."

शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी चार उलट दिल्या असत्या. त्या पुडी आणि कागद उचलून आपल्या टेबलाशी आल्या, आणि संध्याकाळपर्यंत फोन वाजला की शिपायाला उचलायला लावत राहिल्या.

घरी पानं वाढली. विघ्नेशनं दोन घास खाल्ले आणि खाली बघतच म्हणाला, "आई, चिडू नकोस. तुला न विचारता एक गोष्ट केली. वसईतल्याच एका कंपनीसाठी नेटवरून अर्ज भरला होता. महिना होऊन गेला, साधं उत्तरही आलं नाही."

सांगायची हीच वेळ होती, हे बाईंना कळत होतं. जिभेपर्यंत आलंही. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या नावानं खडे फोडलेली जीभ ती, ऐन वेळी सवयीनंच वळली.

"तिथंही वशिलाच चालत असणार. आधीच कुणाला तरी ठरवलेलं असेल."

"नाही गं. तिथं वशिला चालत नाही, म्हणूनच तर तिथं भरला होता. मार्क बघून बोलावतात." त्यानं भात कालवला, पण खाल्ला नाही. "मीच कमी पडलो असेन."

बाईंनी आमटीचं पातेलं जवळ ओढलं.

"असेल," त्या म्हणाल्या, आणि त्याला आमटी वाढली.