नळावरचा वग

कलेने समाज सुधारतो का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठला समाज, आणि किती वाजता? पहाटे नळावर उभा असलेला समाज आणि संध्याकाळी स्टेजसमोर सतरंजीवर बसलेला समाज, माणसं तीच असली तरी एक नसतात. हे मला परळच्या आमच्या चाळीत कळलं, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत. तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते आणि दादाच्या कलापथकात मागे उभं राहून 'जी जी रं' करत होते.

आमच्या तळमजल्यावर अंगणात एक नळ होता. जोरात पाणी येई ते तिथेच. वरच्या मजल्यांवरही नळ होते, पण तिथे करंगळीएवढी धार. गल्लीपलीकडच्या चाळीत बौद्ध कुटुंबं राहत. त्यांचा नळ फुटला होता आणि मालक काही दुरुस्त करत नव्हता, म्हणून त्यांच्या बायका हंडे घेऊन आमच्याकडे येत. रीत अशी की त्यांनी बाजूला उभं राहायचं, आमची सगळी भांडी भरली की आमच्यापैकी कुणी तरी वरून त्यांच्या हंड्यात पाणी ओतायचं, आणि त्यांनी नळाला हात लावायचा नाही. आमची भांडी भरेपर्यंत बहुतेक वेळा पाणीच जाई.

ही रीत सांभाळण्याचं काम माझ्या आत्याने स्वतःकडे घेतलं होतं. आत्या लहानपणीच विधवा झाली, माहेरी परतली आणि मग आमच्याबरोबर मालवणहून मुंबईला आली. घरात तिचं कुणी ऐकत नसे. स्वयंपाकात आईचा शब्द, पैशात बाबांचा. नळावर मात्र तिचं राज्य होतं. कुणी रांग सोडून पुढे आलं की ती कडाडायची, "हंडो मागे घे गो बाय, आमचा अजून झाला नाय!" तिचा हा आवाज ऐकून आमची चाळ जागी व्हायची. मलाही ती आवडत असे, आता खोटं कशाला बोलू.

पथकातला ढोलकीवाला पलीकडच्या चाळीतला. दादाचा जिवाभावाचा मित्र. तालमीला सगळ्यांना एकाच किटलीतला चहा, आणि या गोष्टीचं आम्हाला केवढं कौतुक! त्याची बायको गरोदर होती. घरात दुसरी बाई म्हणजे त्याची बहीण. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला होती, म्हणून आम्ही तिला वाइंडिंगवालीच म्हणत असू. पाण्यासाठी ती आमच्या नळाशी थांबली की गिरणीचं फाटक बंद व्हायचं आणि तो दिवस बुडायचा. कामावर गेली तर घरात पाणी नाही. तिच्यापुढे एवढा एकच प्रश्न होता आणि तो रोज सकाळी नव्याने पडायचा.

दादाने ठरवलं, यावर वग करायचा. आमच्या वगाचं पुस्तक वगैरे नसे. गोष्ट ठरलेली, गाणी ठरलेली, बाकीचं बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या जुळवायचं. मध्येच समोरचा कुणी प्रेक्षक काही बोलला तर त्यालाही उत्तर द्यायचं, ते तर लोकांना सगळ्यात जास्त आवडे. वगात एक म्हातारी होती, नळ अडवून बसणारी. ते काम गिरणीत मागावर बसणाऱ्या एका साचेवाल्याने घेतलं, त्याच्या मिशा काढायला लावल्या. लुगडं कुणाचं घ्यायचं? तो सरळ आत्याकडे गेला. आत्याने आनंदाने दिलं, वर त्याला नेसवूनही दिलं. "पदर नीट घे मेल्या, बायलमाणूस दिसाक व्हयो," असं म्हणून त्याच्या पाठीत धपाटाही घातला. ही म्हातारी म्हणजे आपणच, हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही मात्र तिला चांगली अद्दल घडणार म्हणून खूश होतो.

चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला पहिला प्रयोग झाला. साचेवाल्याने कंबरेवर हात ठेवून "हंडो मागे घे गो बाय" म्हटलं आणि लोक हसून हसून लोटपोट झाले. सगळ्यात जास्त आत्या हसली. शेवटी दादाने पुढे येऊन सांगितलं की एका महाराष्ट्रात राहायचं म्हणता, मग एका नळाचं पाणी का चालत नाही? टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे आपापले हंडे रांगेत पुढे सरकवले.

एवढंच झालं असतं तरी चाललं असतं. पण आत्या आता प्रसिद्ध झाली! वरच्या मजल्यावरची माणसं मुद्दाम खाली उतरून तिला ते वाक्य म्हणायला लावत. तीही कंबरेवर हात ठेवून म्हणे, अगदी साचेवाल्यासारखं. आधी ती नुसती अडवत होती, आता ऐटीत अडवू लागली. आणि लोक हसत असताना वाइंडिंगवाली बाजूला हंडा घेऊन उभी असे. आम्ही सुधारणा करायला निघालो होतो आणि नळावरच्या जुलमाला गाणं-बजावणं पुरवून बसलो होतो. दादाला हे दिसत नव्हतं. तो म्हणायचा, लोकांपर्यंत पोचतंय. मला त्याचा असा राग यायचा!

त्याच सुमारास ढोलकीवाल्याला मुलगा झाला. बाळंतिणीच्या घरात पाण्याचा ठणठणाट. चळवळीची सभा आमच्याच गल्लीत ठरली होती, सभेआधी वग करायचा होता. तालमीला वाइंडिंगवाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "दादा, तुमच्या वगात म्हातारी बोलते, शिपाई बोलतो, पुढारी बोलतो. हंडा घेऊन उभी राहणारी कुठंय?"

दादा म्हणाला, "अगं, तिच्यासाठीच तर सगळं चाललंय."

"मग तिला आणा की. मी येते."

दादा जरा घाबरला. गिरणगावात बाई स्टेजवर म्हणजे आधीच कुरबूर, मी मागे उभी राहते त्यावरूनही आई महिनाभर धुसफुसत होती. शिवाय हिला ना गाणं येत होतं ना अभिनय. पण ढोलकीवाला म्हणाला, "ती नसेल तर ढोलकीला दुसरा बघा." तो असं कधी बोलत नसे.

सभेच्या दिवशी दोन्ही चाळींच्या मध्ये फळ्या टाकून स्टेज केलं. आमचे लोक या बाजूला, त्यांचे त्या बाजूला, हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. आत्या पुढे बसली होती. वग नेहमीसारखा रंगला. मग वाइंडिंगवाली घरचा हंडा घेऊन स्टेजवर आली. साचेवाला तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानेच खालून आवाज दिला, "हंडो मागे घे गो बाय, आमचा अजून झाला नाय!" लोक खिदळले. असं मध्ये बोलायचं, त्यालाच तर सगळे चटावले होते.

वाइंडिंगवालीने साचेवाल्याकडे बघितलंही नाही. ती पुढे आली आणि आत्याला म्हणाली, "बरं आत्या. तुमचं होईपर्यंत उभी राहते."

आणि ती उभी राहिली. हंडा कमरेवर, काही बोलत नाही, हलत नाही. लोक अजून थोडं हसले. मग हसायला काही उरलं नाही. ढोलकीवाल्याने हात ढोलकीवरून काढून घेतले. साचेवाला आत्याच्याच लुगड्याच्या पदराने घाम पुसत होता. पलीकडच्या चाळीत ढोलकीवाल्याचं बाळ रडत होतं ते सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं. मला वाटलं आता कुणी तरी ओरडेल, पुरे करा, सभा सुरू करा. कुणी ओरडलं नाही. रोज सकाळी ती अशीच उभी असायची, पण तेव्हा आमचं तोंड नळाकडे असायचं आणि पाठ तिच्याकडे. स्टेजवर ती समोर होती आणि बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मला रडू फुटलं. दादाने घाईघाईने शेवटचं गाणं धरलं, सगळ्यांनी म्हटलं, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाइंडिंगवाली येऊन बाजूला उभी राहिली. माझी आई, जिने जन्मात कधी चळवळीचा शब्द काढला नव्हता, तिने नळाखालचा आपला अर्धा भरलेला हंडा ओढून घेतला आणि म्हणाली, "लाव गो तुजो. कामाक जावचा आसा ना?" वाइंडिंगवालीने स्वतःच्या हाताने हंडा लावला, भरला, नळ बंद केला आणि गेली. दोघी-तिघी तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, पण हंडा कुणी ओढला नाही. पुढे पुढे त्यांच्या बायका रांगेतच उभ्या राहू लागल्या. त्या दिवसापासून वाइंडिंगवालीचं फाटक चुकलं नाही.

आत्याने त्या नळाचं पाणी सोडलं. भांडली नाही, बोलली नाही. आपली पितळेची कळशी घेऊन ती वरच्या मजल्यावर जाई आणि त्या करंगळीएवढ्या धारेखाली बसून राही. आमच्या घरातला माठ तिने वेगळा केला. बाबांनी समजावलं, दादाने हात जोडले. तिला मी चांगलं फैलावरही घेतलं. ती कळशी उचलून जिन्याकडे वळे. महाराष्ट्राचं राज्य झालं तेव्हा पेढे वाटले, तिने पेढा खाल्ला आणि संध्याकाळचं पाणी आणायला जिना चढून गेली.

लोक आजही म्हणतात, तुमच्या वगाने नळ मोकळा केला. केलाच, आणि त्याचा मला आनंद आहे. त्या बाबतीत आत्याची बाजू मी कधी घेणार नाही.

पण एकदा मी जिन्याने उतरत होते आणि ती भरलेली कळशी पायरीवर टेकवून दम खात बसली होती. गुडघे तेव्हा फारच दुखायचे तिचे. मी बाजूने जायला लागले तर तिने मला थांबवलं.

"मगे त्या म्हातारेचा काय झाला गो, तुमच्या वगात?"

मी आठवून पाहिलं. शेवटी नळ मोकळा व्हायचा, सगळे मिळून गाणं म्हणायचे, आणि साचेवाला लुगडं सावरत पडद्यामागे जायचा. त्यापुढचं आम्ही काही बसवलं नव्हतं. ते कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. "वग तिथेच संपतो."

"माका वाटलाच," ती म्हणाली, आणि कळशी उचलून एकेक पायरी उतरू लागली.