मांजरीतला हद्दीचा दगड

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी पुण्याजवळच्या मांजरी गावातला तो पंचनामा मी विसरू शकलेलो नाही.

तक्रारदार बाई विदर्भातून आलेल्या. नवरा कारखान्यात होता, तो वारला. मागे दोन गुंठे जागा आणि त्यात मारलेली बोअर, एवढाच बाईंना आधार. एके दिवशी शेजारच्या ठेकेदाराने भिंतीची आखणी केली आणि बोअर त्याच्या हद्दीत गेली. बाई रोज ठाण्यात येत. आमचे ठाणे अंमलदार रोज सांगत, "बाई, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." सरकारी मोजणीला दोन महिने होते आणि भिंत त्याच आठवड्यात उभी राहणार होती.

मग एक निनावी फोन आला. "सायेब, हद्दीचा दगड हलिवलाय. माझं नाव इचारू नका."

हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहे. आता आम्हाला हात घालता येत होता. ठेकेदाराला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, म्हणून मी त्याला बोलू दिलं.

"साहेब, तो दगड माझ्या आजोबांनी रोवलाय. तेव्हापासून कुणी हातसुद्धा लावला नाही."

जबाब जसाच्या तसा लिहून सही घेतली. पण तो खोटा पाडायचा कसा?

कोथरूडला आमच्याच सोसायटीत पुरातत्त्वाच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहत. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांना विचारलं, "मॅडम, दगड हलवलेला ओळखता येतो का हो?"

"लोकांना वाटतं आम्ही सोनं शोधतो," त्या म्हणाल्या. "अहो, आमचं निम्मं आयुष्य जुने खड्डे ओळखण्यात जातं. एकदा खणलेली माती परत पहिल्यासारखी बसत नाही. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी दोन पंचांसमोर मॅडम उकिडव्या बसून थापीने माती खरवडू लागल्या. "माणसाने मागे ठेवलेल्या खुणांवरून त्याने काय केलं ते वाचायचं, हेच पुरातत्त्व," त्या मला सांगत होत्या. "खूण राजाची असो नाहीतर ठेकेदाराची."

"शाळा भरली वाटतं," ठेकेदार हसला.

दगडाच्या बुडाशी, घट्ट ठासलेल्या मातीत, सिमेंटच्या प्लॅस्टिक पोत्याचा तुकडा निघाला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा फारच आधुनिक होते हो तुमचे!"

ठेकेदाराचं हसणं थांबलं.

मग बाईंनी बोट दाखवलं तिथे, आठ फूट पलीकडे, मॅडमनी वरचा थर काढला. पिवळ्या मुरुमात काळ्या, भुसभुशीत मातीचा चौकोन स्पष्ट दिसला. ती माती उपसून दगड उचलून आत सोडला. तो चपखल बसला! एका पंचाने टाळी वाजवली. पंचनाम्यात टाळीला जागा नसते, नाहीतर मी तीही लिहिली असती. बाई बोअरच्या पाइपावर हात ठेवून रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या.

संध्याकाळपर्यंत ठेकेदाराने सगळं कबूल केलं. पुढे मोजणीही त्याच रेषेवर आली.

इतकी वर्षं मी माणसांकडून खरं काढून घ्यायला शिकलो होतो. जमिनीकडे नीट पाहायला मला मॅडमनी शिकवलं. एक गोष्ट मात्र अजून टोचते. ती जागा बाई पहिल्या दिवसापासून दाखवायला तयार होत्या, आणि आमच्यातलं कुणी टेबलामागून उठलं नव्हतं. त्यानंतर जागेची तक्रार आली की मी आधी टोपी घालून निघायचो, कागद नंतर मागवायचो.